स्वर्गातली खालची पायरी

या वेळचं पत्र मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ४७ वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरीला. पत्र लांब आहे, मुद्द्यापुरतं देते.

"ताई, मी एका पुस्तकावर रागावले आहे. मुलाने मला दान्ते या जुन्या इटालियन कवीच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं लाँगफेलो या अमेरिकन कवीने केलेलं इंग्रजी भाषांतर पाठवलं. आतेला (माझ्या बाबांची बहीण, वय ७९) आता नीट दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात दिवेलागणीनंतर पडवीत बसून मी वाचायचे आणि तिला मालवणीत सांगायचे. नरक झाला, पापं धुण्याचा मधला डोंगर झाला, स्वर्ग लागला. तिथे तिसऱ्या सर्गात पिकार्दा भेटते. मी सांगितलं, ही मुलगी मठात जाऊन जोगीण झाली होती. भावाने माणसं घेऊन तिला तिथून ओढून काढली आणि लग्न लावून दिलं. आता ती स्वर्गात आहे, पण सगळ्यात खाली, चंद्रावर. का, तर व्रत मोडलं म्हणून. आते आठळा सोलत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, 'माकाय असाच हाडल्यानी.' मलाही असंच आणलं.

मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. बाकीचं शेजारच्या काकींकडून कळलं. आते अकरावी होऊन मुंबईला नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेली होती. आठ महिन्यांनी तिचा भाऊ, म्हणजे माझे बाबा, गेले आणि तिला बोटीने घेऊन आले. महिन्याभरात लग्न. पुढे नवरा वारला, तेव्हा ती परत आमच्याकडे आली. तिनेच मला वाढवलं. बाबांनी तिला कधी काही कमी पडू दिलं नाही.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, 'मगे ती आता काय म्हणता?' मी वाचलं: याहून वरची जागा आम्हाला नको, त्याच्या इच्छेतच आमची शांती आहे. आते हसली. 'बरोबर बोलता ती,' म्हणाली. मी पुस्तक मिटलं ते दोन महिने उघडलेलं नाही. ओढून नेणारा राहिला बाजूला, आणि ही खाली का? आणि आतेचं हसू खरं की मोडून गेलेल्या माणसाचं? पितृपक्षातला म्हाळ तोंडावर आलाय. बाबांचं पान वाढायला माझा हात उचलणार नाही असं वाटतं. एवढ्या मोठ्या कवीवर रागावणं चुकीचं आहे का?

ता. क. आमच्याकडे चादरीचे कोपरे पाकिटासारखे तिरके दुमडून गादीखाली खोचतात. मला वाटायचं, आमच्या घरची रीत. गेल्या महिन्यात एका इस्पितळात नर्सला तसंच करताना पाहिलं."

सप्रेम नमस्कार.

तुमचा राग चुकीचा नाही. तो कवितेतच आहे, आणि तुम्ही पुस्तक मिटलंत तिथून जेमतेम दोन पानांवर आहे. चौथ्या सर्गाच्या सुरुवातीला दान्ते स्वतःची अवस्था सांगतो. भुकेल्या माणसापुढे सारख्याच अंतरावर सारख्याच चवीचे दोन पदार्थ ठेवले, तर आधी कशाला हात घालू या विचारात तो उपाशी मरेल. तसा हा दोन शंकांच्या मध्ये अडकून मुका उभा आहे. त्यातली एक शंका शब्दाला शब्द तुमची आहे: माझी इच्छा चांगलीच राहिली असेल, तर दुसऱ्याच्या जबरदस्तीने माझं पुण्य कमी का व्हावं? म्हणजे पिकार्दाचं उत्तर ऐकून लिहिणाऱ्याचंही समाधान झालेलं नव्हतं, आणि त्याने ते लपवलं नाही.

त्याला उत्तर देते बिआत्रिचे. दान्तेने जिच्यावर जन्मभर प्रेम केलं आणि जी १२९० साली ऐन तारुण्यात गेली, तीच त्याला स्वर्ग दाखवते आहे. तिच्या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला ऐकून तुम्हाला बरं वाटेल. ती म्हणते, पिकार्दा चंद्रावर राहत नाही. सगळ्यात वरच्या देवदूतांचा आणि संतांचा जो स्वर्ग, तोच तिचा. तिथे वरचा मजला, खालचा मजला असं काही नाही. सगळे एकाच ठिकाणी आहेत, कोणाला ते सुख कमी भासतं, कोणाला जास्त, इतकंच. ती चंद्रावर दिसली ती दान्तेच्या डोळ्यांसाठी, कारण माणसाला पाहिल्याशिवाय कळत नाही. धर्मग्रंथ देवाला हातपाय देतात ते जसं, तसंच हे. तेव्हा 'खालची पायरी' ही दाखवण्यापुरती मांडलेली पायरी आहे. हे तुम्ही आतेला सांगायचं राहिलं आहे.

दुसरा भाग मात्र मला पटलेला नाही, पहिल्या वाचनातही नाही आणि आजही नाही. बिआत्रिचे म्हणते, जबरदस्ती झाली खरी, पण ती संपल्यावर या बायका मठात परत जाऊ शकत होत्या. गेल्या नाहीत, म्हणजे थोडी संमती आली. मग दाखले देते: तापल्या जाळीवर भाजला गेला तरी न डगमगलेला संत लॉरेन्स, आणि स्वतःचा हात आगीत धरून ठेवणारा रोमन तरुण म्युशियस. इच्छा अशी अखंड हवी, म्हणते.

ताई, लॉरेन्स आणि म्युशियस यांना पुढच्या महिन्यात कोणाच्या घरी नांदायचं नव्हतं. तुमच्या आतेचं घ्या. वय फार तर विशीच्या आतबाहेर, हातात पैसा नाही. मुंबईहून बोटीने यायचं, बोट लांब उभी राहायची, पडावात उतरून किनाऱ्याला लागायचं, आणि पावसाळा आला की बोटी बंद. परत जा म्हणणाऱ्याने जायचं कसं तेही सांगावं. आणि गेली असती तरी आठ महिन्यांनी घरचे घेऊन गेलेल्या मुलीला ट्रेनिंगला परत कोणी घेतलं असतं? पिकार्दाच्या फ्लॉरेन्समध्येही मठाचं दार आतून उघडावं लागत होतं. इथे दान्ते त्याच्या काळाच्या धर्मशास्त्राचा हिशेब मांडतो, आणि तो हिशेब ज्या बाईवर गुजरलं तिच्या बाजूने मांडलेला नाही. मी हे बेधडक म्हणते, आणि तुम्हीही म्हणा. मोठ्या कवितेतल्या एका भागाशी भांडण झालं म्हणून ती लहान होत नाही, की आपण अडाणी ठरत नाही.

पण त्याच सर्गांत अशा दोन ओळी आहेत की मला वाटतं, दान्तेच्या आतला कवी त्याच्यातल्या शास्त्र्याचं पुरतं ऐकत नव्हता. एक ओळ खुद्द बिआत्रिचेच्या तोंडची आहे. ती म्हणते, इच्छेला नको असेल तर इच्छा विझत नाही. आगीच्या ज्वाळेला हजार वेळा खाली वाकवा, ती वरच जाते. दुसरी ओळ पिकार्दाची. ती आपल्या शेजारच्या एका तेजस्वी आत्म्याकडे बोट दाखवते. ती सम्राज्ञी कोस्तान्झा, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकची आई. तिच्याही डोक्यावरून जोगिणीचं वस्त्र ओढून काढलं होतं, अशी तेव्हा समजूत होती. पिकार्दा म्हणते, डोक्यावरचं गेलं, पण हिच्या काळजावरचं वस्त्र कधीच सुटलं नाही.

आता तुमच्या ता. क.कडे येते. तुम्ही तो शेवटी लिहिलात. माझ्या मते पत्र तिथेच सुरू होतं. चादर गादीवर पसरायची, पायाकडची बाजू खोचायची, कोपऱ्यापासून हातभर अंतरावर कड धरून वर उचलायची, तिचा त्रिकोण गादीवर ठेवायचा, खाली लोंबणारा भाग आत सारायचा आणि मग त्रिकोण खाली ओढून घट्ट बसवायचा. रोग्याने कूस बदलली तरी चादर सहसा निघत नाही, सुरकुत्या कमी पडतात, पाठीला जखम होण्याचा धोका कमी होतो. ट्रेनिंगच्या सुरुवातीच्या दिवसांतच हे शिकवतात. आठ महिन्यांत आते जे शिकली त्यातलं हे तिने इतकी वर्षं चालवलं, तुमच्या बाबांच्या घरात, तुमच्या बाबांच्या बिछान्यावरसुद्धा, आणि घरातल्या सगळ्यांना शिकवलं. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही. काळजावरचं वस्त्र म्हणतात ते मला तरी याहून जवळून दाखवता येणार नाही. आणि इच्छा अखंड होती का, हा बिआत्रिचेचा प्रश्न असेल, तर तुमच्या घरातल्या प्रत्येक गादीचे चारही कोपरे त्याचं उत्तर देतील.

मग ती हसली का? 'बरोबर बोलता ती' असं का म्हणाली?

इथे बसून मला ते सांगता येणार नाही, आणि तुम्हीही घाईने ठरवू नका. पण त्या संध्याकाळचा क्रम नीट पाहा. आधी तिने आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यापुढे म्हटलं, 'माकाय असाच हाडल्यानी.' मग पिकार्दा आता काय म्हणते ते विचारलं. मग हसली. मोडलेल्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघत नाही. त्याला काही झालेलंच नसतं, सगळं बरंच चाललेलं असतं. आतेने झालं ते झालं म्हणून सांगितलं आणि मग शांतीची गोष्ट ऐकली. पिकार्दाचा क्रम उलटा आहे, पण झालेलं तीही सांगतेच. शांतीचं वाक्य बोलल्यावर ती आपली कहाणी सांगते आणि म्हणते, चांगल्यापेक्षा वाईटालाच सरावलेली माणसं आली, त्यांनी मला त्या गोड मठातून ओढून काढलं, त्यानंतर माझं आयुष्य काय झालं ते देवाला ठाऊक. बस. एवढंच. संसार, नवरा, रात्री, सगळं त्या एका वाक्यात मिटवून टाकलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या 'देवाक म्हायत' म्हणून पदर तोंडाला लावतात ना, तेच हे. शांती आहे म्हणून झालेलं पुसलं गेलं असं ती कुठेही म्हणत नाही.

त्या शांतीच्या वाक्याबद्दलही एक सांगायला हवं. ते पुढे असं जातं: ती इच्छा हाच तो समुद्र, ज्याकडे सगळं वाहत जातं. खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. आपल्या गीतेच्या नवव्या अध्यायातला स्वर्ग पुण्य आहे तोवरचा आहे. पुण्य सरलं की परत मर्त्यलोकात. दान्तेच्या स्वर्गातून कोणाला उठवत नाहीत. म्हणून पिकार्दा 'मला वरची जागा नको' म्हणते तेव्हा ती तडजोड करत नाही. तिला आता कोणी ओढून नेणार नाही, तिथून ती बोलते आहे. पण हेच वाक्य जिवंत बाईला ऐकवलं की त्याचं विष होतं. 'जे आहे त्यात समाधान मान' हे आपल्याकडे कोणाला सांगतात आणि कोणाला कधीच सांगत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगू. तुम्हाला राग आला तो बहुतेक या वाक्याच्या दुसऱ्या वापराचा आला. तो राग ठेवा. फक्त तो आतेवर काढू नका. शांती तिने स्वतः म्हटली असेल तर ती तिची आहे. तिच्या वतीने ती नाकारायचा हक्क तुम्हालाही नाही.

बाबांचं अवघड आहे, ते टाळून चालणार नाही.

पिकार्दा भावाचं नाव घेत नाही. 'माणसं' म्हणते. आतेच्या 'हाडल्यानी'मध्येही कोणी ते आलेलं नाही, क्रियापदातच सगळे झाकले आहेत. पण दान्तेला तो भाऊ चांगला माहीत होता. कोर्सो दोनाती. दान्तेची बायको जेम्मा याच दोनाती घराण्यातली, म्हणजे घरचंच प्रकरण. आणि १३०२ मध्ये ज्या गटाने दान्तेला फ्लॉरेन्समधून कायमचं हद्दपार केलं, त्या गटाचा कोर्सो हा पुढारी. दान्ते परत घरी गेला नाही. १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. तेव्हा त्याचंही मन या माणसाबद्दल शांत नव्हतं. तुम्ही मधला डोंगर वाचला आहे, पण चोविसावा सर्ग परत काढा. तिथे फोरेसे भेटतो. तो या दोघांचा भाऊ आणि दान्तेचा मित्र, अतिखादाडपणाचं प्रायश्चित्त घेत हाडांचा सापळा झालेला. दान्ते त्याला आधी विचारतो, पिकार्दा कुठे आहे? तो म्हणतो, माझी बहीण जास्त सुंदर की जास्त चांगली मला सांगता येत नाही, ती वर पोचली. आणि पुढे म्हणतो, ज्याचा सगळ्यात जास्त दोष आहे त्याला एका जनावराच्या शेपटीला बांधून दरीकडे फरफटत नेताना मी पाहतो आहे. तो कोर्सो. नाव इथेही नाही. तेव्हा 'ओढून नेणारा कुठे आहे' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर कवितेत आहे. एका आईची तीन मुलं: एक स्वर्गात, एक मधे, एक नरकाच्या वाटेवर.

तुमचे बाबा यातले कोण? मला वाटतं, तुम्ही त्यांना कोर्सो ठरवून मोकळ्या झालात, आणि म्हणून हात उचलत नाही. पण त्याच माणसाने पुढे बहिणीला घरात आणलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं, हेही तुम्हीच लिहिलं आहे. ते पश्चात्तापाने की रीत म्हणून, कोणास ठाऊक. केलं ते त्याने पुसलं जात नाही, आणि सांभाळलं तेही खोटं ठरत नाही. आदल्याच सर्गात फोरेसे सांगतो की मी इतक्या लवकर वर सरकलो ते माझ्या मागे राहिलेल्या बायकोच्या आसवांमुळे आणि प्रार्थनांमुळे. मागे राहिलेल्यांनी केलेलं गेलेल्यांच्या कामी येतं, ही समजूत त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. म्हाळ नाहीतर कशासाठी. पान वाढा. पण त्याआधी एक करा.

तुम्ही शेजारच्या काकींना विचारलंत. पुस्तकाला विचारलंत. मला विचारलंत. आतेला विचारलेलं नाही. 

तिसऱ्या सर्गात दान्ते काय करतो ते पाहा. आधी त्याला ते चेहरे नीट दिसतच नाहीत. स्वच्छ उथळ पाण्यात पडलेल्या आपल्याच प्रतिबिंबासारखे फिके, गोऱ्या कपाळावरच्या मोत्यासारखे, असे की तो मागे वळून बघतो, कोण उभं आहे म्हणून. मग जी बोलायला सगळ्यात उत्सुक दिसते तिच्याकडे वळून तिचं नाव विचारतो, आणि तुमचं इथे कसं आहे ते सांगा म्हणतो. आणि मग तो प्रश्न: तुम्हाला याहून वरची जागा हवीशी वाटते का, अजून पाहायला, अजून जवळ जायला? पिकार्दाला काय हवं, हे तिच्या कहाणीत दुसरं कोणी विचारलेलं दिसत नाही. ती आधी किंचित हसते आणि मग बोलते. 

माझी आजी गुहागरकडची. चुलीतल्या कोळशाने पडवीच्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहायची आणि शेण सारवताना पुसून टाकायची. चौथीतून तिला काढली होती, एवढंच मला माहीत आहे. मी बावीस वर्षांची होईपर्यंत ती होती. मी विचारलं नाही. पुढे पस्तीस वर्षं मुलींना कविता शिकवल्या.

तुम्ही विचारा. 'तुला वाईट वाटलं का' असं नको, त्याला ती 'नाय गो' म्हणेल आणि विषय संपेल. बारीक विचारा. ट्रेनिंगला गेलीस त्या दिवशी ट्रंकेत काय काय होतं? चादर घालायला कोणी शिकवलं? खोलीत बरोबर कोण होत्या? बोटीत बाबा काही बोलले का? मधेच थांबली तर थांबू द्या. हसली तर हसू द्या, त्या हसण्याचा अर्थ तिला सांगू नका. आणि शेवटी विचारा, यंदा भावाचं पान कोणी वाढायचं, तू की मी? ती म्हणेल तसं करा.

पुस्तक परत उघडा. चौथ्या सर्गापासून धरा. त्या लाँगफेलोने बायको जळून गेल्यावर हे भाषांतर पुन्हा हाती घेतलं होतं. १८६१ मध्ये ती गेली आणि १८६७ मध्ये ते छापलं. म्हणजे तुमच्या हातातली प्रतही दुःखातच तयार झालेली आहे. आणि आतेला हेही सांगा की ज्या मुंबईत ती आठ महिने होती, तिथेच टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे या कवितेचं एक फार जुनं हस्तलिखित आहे. तेव्हाही होतं.

मधले कठीण सर्ग सरळ गाळा. दुसऱ्या सर्गाच्या आरंभी दान्ते स्वतःच बजावतो की लहान होडीत बसून मागे येणाऱ्यांनो, किनाऱ्याकडे परत फिरा. तेव्हा मोठ्या पाण्यात न जाता काठाकाठाने गेलात तर तो रागावणार नाही. सतरावा सर्ग मात्र वाचा. तिथे दान्तेला त्याचा खापरपणजोबा भेटतो आणि पुढे येणारी हद्दपारी सांगतो. तीनच ओळी आहेत: दुसऱ्याची भाकर किती खारट लागते ते तुला कळेल, आणि दुसऱ्याच्या घरचा जिना उतरणं नि चढणं किती कठीण वाट असते तेही. फ्लॉरेन्सकडे पावात मीठ घालत नाहीत. तेव्हाही तसंच असेल, तर परक्या गावचा पहिला घासच त्याला खारट लागणार होता. हे आतेला आधी समजावून सांगा आणि मग त्या तीन ओळी मालवणीत म्हणा. ती त्या घरात विधवा होऊन परत आली तेव्हापासून भावाच्या घरची भाकरी खात आली आहे. ती काय म्हणते ते मला कळवा. तिची हरकत नसेल तरच.